कडी: मराठी पासवर्ड तपासणाऱ्या टूलच्या कामाच्या नोंदी, नागपूर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

काल महालात (नागपूरची जुनी वस्ती) काकूंकडे गेले होते. त्यांचं मेल अकाउंट गेलं, म्हणजे कोणीतरी आत शिरून पासवर्ड बदलून टाकला आणि ओळखीच्या सगळ्यांना पैसे मागणारे मेल गेले, काकू दोन दिवस लोकांना फोन करकरून सांगत होत्या की बाबा मी नाही मागितले. मी विचारलं पासवर्ड काय होता काकू, तर त्यांनी दूधवाल्याच्या हिशोबाच्या डायरीचं मागचं पान दाखवलं. देवाचं नाव, पहिलं अक्षर मोठं, पुढे ॲट आणि १२३. तोच मेलला, तोच पतसंस्थेच्या पोर्टलला, तोच लाइट बिलाच्या ॲपला. आणि मग म्हणाल्या, "अगं पण त्यानं तर हिरवं दाखवलं होतं ना." ते वाक्य रात्रभर डोक्यात फिरून राहिलं.

आज ऑफिसातून आल्यावर त्या पोर्टलच्या नोंदणी पानावर जाऊन तसेच खोटे पासवर्ड टाकून पाहिले (कुठलं पोर्टल ते इथे लिहीत नाही, असे शंभर असतील). पासवर्ड किती पक्का ते दाखवणारं तिथलं मीटर फक्त चार गोष्टी बघतं: आठ अक्षरं आहेत का, एक कॅपिटल आहे का, एक आकडा, एक चिन्ह. चारही मिळाले की पट्टी हिरवी आणि खाली "अतिशय मजबूत". काकूंची काय चूक, त्यांनी सांगितलं तेवढं सगळं केलं होतं.

हा चार गोष्टींचा नियम जुना आहे. अमेरिकेच्या निस्ट ह्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत बिल बर यांनी २००३ मध्ये पासवर्डबद्दल मार्गदर्शन लिहिलं, त्यात कॅपिटल-आकडा-चिन्ह आणि ठराविक दिवसांनी बदला हे होतं आणि जगभर तेच पसरलं. २०१७ मध्ये निस्टने स्वतःच ते फिरवलं, मिश्रणाची सक्ती काढा, उगाच बदलायला लावू नका, त्यापेक्षा लीक झालेल्या आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या पासवर्डच्या यादीशी ताडून बघा. बर यांनी त्याच वर्षी जाहीरपणे सांगितलं की त्या जुन्या सल्ल्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो. ह्याला आठ वर्षं झाली, आमच्या इकडच्या फॉर्मवर अजून २००३ चालू आहे.

ठरवलं की आपणच एक तपासणी टूल करायचं. ब्राउझरमध्येच चालणारं, पासवर्ड कुठेही न पाठवणारं, मराठीत बोलणारं. नाव "कडी". दाराची कडी, भाजीसोबतची नाही. पार्टनरला (इंजिनिअरिंगचा क्लासमेट, आता तोही आयटी पार्कलाच) मेसेज टाकला, तो म्हणाला आधी तयार काय आहे ते तर बघ.

४ नोव्हेंबर, मंगळवार

तयार जे आहे ते खरंच चांगलं आहे. झेडएक्ससीव्हीबीएन नावाची लायब्ररी, कीबोर्डच्या सगळ्यात खालच्या ओळीतली पहिली सहा अक्षरं हेच तिचं नाव. डॅन व्हीलर यांनी ड्रॉपबॉक्समध्ये असताना लिहिली, २०१२ मध्ये खुली केली. आम्ही इथे नुसतं झेडएक्स म्हणू.

ती कॅपिटल-आकडे मोजतच नाही. ती विचारते की फोडणारा माणूस हा पासवर्ड कितव्या प्रयत्नात काढेल. पासवर्डचे तुकडे पाडते, प्रत्येक तुकडा शब्दयादीत आहे का बघते, उलटा लिहिलाय का, ए च्या जागी ॲट किंवा ओ च्या जागी शून्य घातलाय का, कीबोर्डवर शेजारशेजारची बटणं आहेत का, तारीख आहे का, वर्ष आहे का, एकच अक्षर परत परत आहे का. शब्द यादीत जितका वर तितके अंदाज कमी. मग सगळ्या तुकड्यांचा मिळून सगळ्यात स्वस्त हिशोब काढते आणि ० ते ४ गुण देते. हजाराच्या आत सापडला तर शून्य, दहा लाखांच्या आत एक, दहा कोटींच्या आत दोन, हजार कोटींच्या आत तीन, त्यापुढे चार.

पहिलं अक्षर मोठं केल्याचा फायदा तिच्या हिशोबात फक्त दुप्पट. फोडणाऱ्यालाही माहितीच आहे ना की लोक पहिलंच अक्षर मोठं करतात.

रात्री दीडपर्यंत वाचत बसले, खूप दिवसांनी कोणाचा तरी कोड वाचून आनंद झाला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आनंद आज उतरला. आमचे शब्द टाकून पाहिले, सगळे रोमन लिपीत, लोक टाइप करतात तसेच. काकूंचा पासवर्ड: तीन-चार. टेकडीगणपती: तीन-चार. लाडकी लेक आणि वर्ष: हिरवं. सगळंच हिरवं.

कारण शोधायला वेळ लागला नाही. तिच्या याद्या म्हणजे लीक झालेले सर्रास पासवर्ड, इंग्रजी विकिपीडियातले शब्द, अमेरिकन टीव्ही-सिनेमातले शब्द, अमेरिकी जनगणनेतली नावं आणि आडनावं. यादीत जे नाही ते तिच्यासाठी रँडम, आणि रँडम तुकड्याला ती दर अक्षरामागे दहापट लावते. सात अक्षरी देवाचं नाव म्हणजे एक कोटी अंदाज. अख्ख्या विदर्भात घरोघरी ज्याचा फोटो आहे त्या नावाला एक कोटी!

म्हणजे जे मीटरला माहीत नाही ते मीटर मजबूत म्हणून सांगतं. व्हीलर यांचा दोष मी काढत नाही, इंग्रजीसाठी इंग्रजी याद्या आहेत, लपवलेलं काही नाही. पण आपण ते उचलून महालातल्या, इतवारीतल्या माणसासमोर ठेवतो तेव्हा तो हिरवा रंग खरा नसतो, आणि माणूस तर त्यावर भरवसा ठेवून पासवर्ड पक्का करतो.

पार्टनर: "मग याद्या घाल ना बे मराठी, त्यात काय." बरोबर आहे. ह्याच लायब्ररीचं टाइपस्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहिलेलं रूप आहे, त्यात भाषांच्या याद्या वेगळ्या जोडता येतात, तेच घेतलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

शनिवार-रविवार शब्द गोळा केले. कोणालाही त्याचा स्वतःचा पासवर्ड विचारायचा नाही हा नियम पहिल्याच दिवशी केला. प्रश्न असा ठेवला: "तुमच्या शेजाऱ्याचा पासवर्ड ओळखायचा झाला तर पहिले पाच कोणते टाकून पाहाल?" लोक इतक्या भराभर सांगतात की बस. धरमपेठेत तर्री पोह्याच्या ठेल्यावर उभ्या उभ्या कागदाची एक बाजू भरली, पोहेवाल्या दादांनी स्वतःहून आणखी चार सांगितले आणि म्हणे बाई हे माझ्या साळ्याचं आहे, पक्कं.

देव तर आहेतच, पण देवांपेक्षा मला हे महत्त्वाचं वाटलं की आकडेसुद्धा आमचे आमचे असतात. एमएच ३१, एमएच ४९ आणि ग्रामीणचा एमएच ४०, गाडीच्या पाटीवरून थेट पासवर्डमध्ये. ४४०० ने सुरू होणारा पिनकोड, ०७१२ हा जुना एसटीडी कोड. १०८, ७८६. सातबारा हा शब्द म्हणून पण आणि ७१२ आकडा म्हणून पण. इंग्रजी मीटरला ०७१२ मध्ये फारतर तारीख दिसेल, नागपूरच्या माणसाला तो आकडा डोळे मिटून आठवतो.

मग वस्त्या आणि ठिकाणं: सीताबर्डी, फुटाळा, अंबाझरी, तेलंगखेडी, कोराडी, रामटेक, दीक्षाभूमी, ताजबाग, झिरोमाइल. बर्डी आणि सीताबर्डी दोन्ही घातले, बोलताना कोणी पूर्ण नाव घेत नाही. खाण्यापिण्याचं: सावजी, संत्रा, पाटवडी. नात्यांचं: आईबाबा, आईसाहेब, माझीपरी, छकुली, सोनू, पिल्लू. घोषणा आणि नमस्कार: जयभीम, जयगजानन, जयसेवा, रामराम, जयमहाराष्ट्र.

ह्यात सगळ्यात अंगावर आलेलं म्हणजे "गण गण गणात बोते". एका मावशींनी सांगितलं की आमच्या भजनी मंडळात अर्ध्या जणींचा हाच असेल, लांब आहे ना, सगळे म्हणतात लांब ठेवा. रोमनमध्ये जोडून लिहिला की पंधराच्या आसपास अक्षरं होतात, झेडएक्सला त्यात "गण" परत परत आलाय ह्यापलीकडे ओळखीचं फारसं काही सापडत नाही आणि तीन-चार गुण. आणि शेगावला एकदा गेलेल्या प्रत्येक माणसाला तो मंत्र पाठ आहे. लांबी चांगलीच, पण ती ओळ सगळ्यांना येत असली तर फोडणाऱ्याला ती एकच नोंद आहे.

म्हणून मंत्र, आरत्यांच्या पहिल्या ओळी, अभंगांचे तुकडे, म्हणी, ह्यांची वेगळी यादी. ती आईने घेतली. ती रोज रात्री वहीत लिहून ठेवते, मी टाइप करते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

स्पेलिंग. हा आठवडा बहुतेक ह्यातच जाणार.

आपण रोमनमध्ये मराठी लिहितो त्याला कुठलाच नियम नाही. ज्ञानेश्वर घ्या. ज्ञ साठी कोणी डीएनवाय लिहितं, कोणी जीवाय, कोणी जीएन, कोणी जेएन. मग आ साठी एक ए किंवा दोन, श साठी एसएच किंवा नुसता एस, व साठी डब्ल्यू किंवा व्ही. चार गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, एका नावाचे ३२ अवतार. लक्ष्मीत एक्स की केएसएच, पूजात यू की डबल ओ, विठ्ठलात टी किती आणि एच किती. काकूंच्या डायरीत एकाच देवाचं नाव दोन पानांवर दोन तऱ्हेनं होतं.

दोन मार्ग होते. एक म्हणजे टाइप केलेला पासवर्डच आधी सपाट करायचा, सगळे व्ही डब्ल्यू एक, सगळे डबल ई आय, आणि मग यादीत बघायचं. पार्टनरला हा आवडला कारण फाइल लहान राहते. मी करून पाहिला, पण अडचण अशी की लायब्ररी पासवर्डमधल्या तुकड्यांच्या जागा धरून हिशोब करते, कुठल्या अक्षरापासून कुठपर्यंत, आणि सपाट केल्यावर लांबीच बदलते, जागा सरकतात, परत मूळ पासवर्डवर नेऊन बसवताना दोन दिवस गेले आणि तरी चुकत होतं. शिवाय इंग्रजी शब्दही सपाट होऊन भलत्याच मराठी शब्दांशी जुळायला लागले.

आज संध्याकाळी सोडून दिला. दुसरा मार्ग: मूळ शब्द देवनागरीत ठेवायचे आणि बिल्ड करताना स्क्रिप्टने त्यांची सगळी रोमन रूपं काढायची. फाइल फुगते. मूळ झेडएक्सच कॉम्प्रेस करून साधारण ४०० केबी आहे आणि त्यावर हे. म्हणून पान उघडलं की नाही, तर पासवर्डच्या रकान्यात बोट ठेवल्यावरच यादी डाउनलोड होईल असं केलं. गावाकडच्या नेटवर दोन-तीन सेकंद "तपासतोय" दिसेल, चालेल.

नावं यादीत गेली तरी काकूंचा पासवर्ड दोनवरच अडकून होता. कागदावर हिशोब मांडला तेव्हा कळलं, देवाचं नाव ओळखलं पण "ॲट १२३" ही शेपटी ते अनोळखी चार अक्षरं समजून दहा हजारनं गुणत होतं. मग शेपट्यांची यादी वेगळी केली, ॲट १२३, ॲट आणि जन्मवर्ष, ७८६, १०८, ००७. आता एक गुण. अंदाज वीस हजारांच्या घरात. हे मला पटलं, कारण ती शेपटी कोण लावत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

यादीत कोणता शब्द वर आणि कोणता खाली हे कशावरून ठरवायचं? झेडएक्समध्ये शब्दाचा क्रमांक हाच अंदाजांचा आकडा, म्हणजे क्रम चुकला की सगळंच चुकलं. माझ्या मनानं लावला तर माझ्या घरातले देव वर जातील.

उत्तर ट्रॉय हंट यांच्या हॅव आय बीन पोन्डमध्ये मिळालं. आपला मेल कुठल्या लीकमध्ये गेलाय का ते सांगणारी ही साइट २०१३ पासून आहे, आणि २०१७ पासून त्यांनी लीक झालेल्या पासवर्डांची वेगळी यादी चालू केली, पोन्ड पासवर्ड्स. त्यात एखादा पासवर्ड लीकमध्ये किती वेळा दिसला तो आकडा मिळतो. आमच्या यादीतलं एकेक रूप तिथे विचारायचं आणि त्या आकड्यावरून क्रम लावायचा. मी रात्री स्क्रिप्ट लावून झोपले, हळूहळू विचारणारी, त्यांच्या सर्व्हरवर भार नको. सकाळी बघते तर गणेश, साईराम, नागपूर सगळे तिथे आधीच आहेत. म्हणजे आपल्या लोकांचे पासवर्ड फोडणाऱ्यांच्या यादीत केव्हाच पोचलेत, पोचले नाहीत ते फक्त आमच्या मीटरमध्ये.

तिथे नसलेले शब्द यादीच्या तळाशी टाकले, काढले नाहीत. लीकमध्ये दिसला नाही म्हणजे चांगला, असं नसतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पार्टनरशी चांगलंच वाजलं. मी म्हटलं कडीत शेवटची पायरी म्हणून वापरणाऱ्याचा पासवर्डपण पोन्ड पासवर्ड्सला विचारू. तो म्हणाला, "तूच सांगून राहिली होती का पासवर्ड कुठेच जाणार नाही, आता काहून पाठवतेस?" प्रश्न बरोबरच होता, म्हणून नीट लिहून ठेवते, पुढे कोणीही हेच विचारेल.

पासवर्ड जात नाही. ब्राउझरमध्येच त्याचा शा-वन हॅश निघतो, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठराविक लांबीचा ठसा, ४० अक्षरांचा. त्यातली फक्त पहिली पाच अक्षरं पाठवतो. इंग्रजी "पासवर्ड" ह्या शब्दाचा हॅश ५बीएए६ ने सुरू होतो, तर तेवढंच जातं. समोरून त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या लीक हॅशांच्या उरलेल्या शेपट्या येतात, शेकड्यांनी, आणि आपला त्यात आहे का हे आपल्याच फोनवर बघायचं. पाच अक्षरांचे १०,४८,५७६ गट होतात, त्यातला कोणता गट विचारला एवढंच सर्व्हरला कळतं. ह्याला के-अनॉनिमिटी म्हणतात, क्लाउडफ्लेअरमधल्या जुनैद अली यांनी ही रचना केली आणि २०१८ पासून ती चालू आहे. उत्तराच्या लांबीवरून कोणी गट ओळखू नये म्हणून खोट्या ओळी भरून मागवायचीही सोय आहे, ती आम्ही चालू ठेवली.

तरी त्याचं म्हणणं अर्धं मान्य केलं. ही पायरी आपोआप होणार नाही, खाली बटण राहील आणि काय पाठवलं जातं ते दोन ओळींत लिहिलेलं राहील. आणि नेट गेलं तर हिरवं दाखवायचं नाही, "तपासता आलं नाही" असंच दाखवायचं. पहिल्या आवृत्तीत मी एरर आली की खाली काहीच न दाखवता पुढे जाऊ देत होते, ते तर त्या पोर्टलसारखंच झालं असतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आईने सहज विचारलं, "मग सरळ मराठीतच का नाही ठेवायचा पासवर्ड? देवनागरीत?" मला वाटलं किती छान, फोडणाऱ्यांच्या याद्या तर बहुतेक रोमनमध्येच असतात. चार दिवस त्यात गेले आणि खूप शिकले.

चाचणीसाठी "वऱ्हाड" ने सुरू होणारा एक वाक्यांश ठेवला. लॅपटॉपवर ठेवला, फोनवरून लॉगिन होईना. दहा वेळा टाइप केला. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे. शेवटी कोड पॉइंट (युनिकोडमधले अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक) छापून पाहिले तेव्हा दिसलं की एका कीबोर्डनं ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत दिला होता, दुसऱ्यानं साधा र, हलंत आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पहिल्यात सहा कोड पॉइंट, दुसऱ्यात सात. स्क्रीनवर तोच वऱ्हाड, पण हॅश पार वेगळा.

निस्टच्या मार्गदर्शनात आहे की युनिकोड पासवर्ड हॅश करायच्या आधी नॉर्मलाइज करा, म्हणजे वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलेलं अक्षर एकाच ठराविक रूपात आणा. ते केलं. त्यानं र आणि खालचा नुक्ता असं तुटक लिहिलेलं जुळून ऱ होतं, पण जॉइनरवालं रूप तसंच राहतं, त्याला हात लागत नाही. म्हणून आम्ही स्वतः नियम घातला: र, हलंत, जॉइनर दिसलं की ऱ आणि हलंत. मग दोन्हीकडून लॉगिन झालं. तऱ्हा, सुऱ्या, दुसऱ्या, मराठीत हे अक्षर पावलोपावली आहे आणि लॉगिन लिहिणाऱ्या किती जणांनी हे कधी पाहिलं असेल असं वाटून गेलं.

दुसरी गोष्ट मोजणीची. "स्त्री" आपल्याला एक अक्षर दिसतं, मोजणीत सहा. म्हणजे "कमीत कमी आठ" ची अट देवनागरीत दीड अक्षरात भागते. आम्ही देवनागरीसाठी अक्षरसमूह मोजतो, कोड पॉइंट नाही.

तिसरी जास्त धोक्याची. सर्व्हरवर बीक्रिप्ट (पासवर्डचा हॅश काढायची एक पद्धत) असेल तर ते फक्त पहिले ७२ बाइट घेतं. देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, म्हणजे २४ झाले की पुढचं काही सर्व्हरवर मोजलंच जात नाही, काही ठिकाणी तर न सांगता कापलं जातं. चार-पाच शब्दांचं छान लांब वाक्य ठेवलं आणि प्रत्यक्षात त्यातले सुरुवातीचेच शब्द कामाचे. हे बघून मी देवनागरीची शिफारस करणं तूर्त थांबवलं. शिवाय माझ्या फोनवर पासवर्डच्या रकान्यात उच्चारावरून मराठी लिहायची सोय बंदच होते, आणि ठिपक्यांमागे मात्रा चुकली तर कळत नाही. कोणी देवनागरीत टाकलाच तर कडी नीट तपासते आणि ७२ बाइटच्या पुढे गेला तर सांगते, एवढं ठेवलं.

आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अक्षर आपलं, अडचणी पण आपल्याच." आणि वही पुढे लिहायला घेतली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज संदेशांची भाषा. "फुटायला १०० वर्षं लागतील" असं दाखवणं काढून टाकलं.

का ते कागदावर केलेल्या हिशोबावरून. समजा दहा कोटी अंदाजांचा पासवर्ड. साइट तासाला शंभरच प्रयत्न करू देत असेल तर दहा लाख तास, म्हणजे सुमारे ११४ वर्षं. पण तीच साइट लीक झाली आणि तिनं पासवर्ड साध्या वेगवान हॅशमध्ये ठेवलेले असले, सेकंदाला हजार कोटी अंदाज होत असले, तर एका सेकंदाचा शंभरावा भाग. हे दोन्ही वेग झेडएक्सच्याच हिशोबात दिलेले आहेत. आणि उघडेच ठेवलेले असले तर प्रश्नच मिटला, २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड उघड्या मजकुरातच गेले, त्यात पहिल्या नंबरवर १२३४५६. समोरच्यानं आपला पासवर्ड कसा ठेवलाय हे काकूंनाही माहीत नाही, मलाही नाही. मग वर्षांचा आकडा कशाच्या भरवशावर दाखवू?

आता पट्टीऐवजी एक वाक्य येतं, कारणासकट. "ह्यात देवाचं नाव आणि नेहमीची शेपटी आहे, हा लवकर सापडेल." "ह्यात गाडीच्या पाटीचा कोड आहे." "ही ओळ पुष्कळांना पाठ असते." रंग ठेवलाय पण रंगावर अवलंबून नाही, काकूंना मोतीबिंदूनंतर हिरवा-पोपटी सारखाच दिसतो.

२ डिसेंबर, मंगळवार

रविवारी काकूंच्या हातात फोन दिला आणि मी गप्प बसले. पंधरा मिनिटं. त्यांनी पाच पासवर्ड टाकले, पाचही नाकारले गेले, सहाव्याला वैतागल्या: "हे नाही ते नाही म्हणतंय, मग ठेवू काय ते सांग की!" आणि मी तेच केलं नव्हतं. महिनाभर फक्त नाही म्हणणारं टूल बनवत होते.

म्हणून सुचवणारा भाग. पद्धत जुनी आहे, डाइसवेअर, अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडलेली: फासे टाका, जो आकडा येईल त्या आकड्याचा शब्द यादीतून घ्या. पाच फाशांची यादी ७,७७६ शब्दांची, चार फाशांची १,२९६ ची. आम्ही चारवाली घेतली. सहा शब्द निवडले की सुमारे ६२ बिट, म्हणजे एकाचे ६२ वेळा दुप्पट केल्यावर येतील तितक्या शक्यता, रोजच्या वापराला पुष्कळ. शब्द माणसानं मनानं निवडायचे नाहीत, मनानं निवडले की परत देव आणि लेकरंच येतात.

शब्द असे हवेत की ज्यांचं रोमन स्पेलिंग एकच होईल. परत तोच प्रश्न, उलट्या बाजूनं. "खिडकी" बाद, आय की डबल ई. "पान" बाद, ए एक की दोन. "मका", "नळ", "रबर" कसेबसे चालले, ळ साठी सगळेच एल लिहितात हे आधी चार घरी विचारून घेतलं.

काकूंकडचा लुडोचा फासा घेऊन आम्ही चौघी बसलो, पहिले दोनशे शब्द तिथेच निघाले.

५ डिसेंबर, शुक्रवार

वाईट चूक सापडली, माझीच. एरर पकडायला जे लॉगिंग लावलं होतं त्यात रकान्यातला मजकूरही जात होता. म्हणजे तपासताना स्क्रिप्ट फसली तर पासवर्ड लॉगमध्ये. वापरणारे आम्ही घरचेच होतो आणि लॉग माझ्याच मशीनवर होता, तरी सगळे लॉग पुसले, ज्यांनी खरा पासवर्ड टाकला असेल त्यांना फोन करून बदलायला सांगितलं, लॉगिंग पूर्ण काढलं. पुढे परत लावायचं झालं तर आधी टेस्ट लिहायची.

तसंच आज दोन लहान: वापरणाऱ्याचं नाव, मोबाइल आणि खाते क्रमांक लायब्ररीला आधीच देतो म्हणजे तेच शब्द पासवर्डमध्ये आले तर पकडले जातात. आणि तपासणी पहिल्या शंभर अक्षरांपुरती, फार लांब मजकुरावर ती अडखळते.

९ डिसेंबर, मंगळवार

अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद, सदरमधून फिरून एका पतसंस्थेत पोचायला पाऊण तास. (काकूंची नाही, दुसरी. ओळखीतून वेळ मिळाली.)

साहेबांनी ऐकून घेतलं, हे मान्य करायला हवं. त्यांच्या काउंटरवरच्या ताईंनी तर कडीत तीन शब्द टाकल्याबरोबर "हे तर आमच्या मेंबरांचे" म्हणून तोंडावर हात ठेवला. पण कॅपिटल-चिन्हाची अट काढा म्हटल्यावर साहेब अडले, ऑडिटमध्ये विचारतात म्हणे. मी निस्टचं २०२५ मधलं चौथं रूप दाखवलं: मिश्रणाची सक्ती करूच नका, आणि पासवर्ड हा एकटाच पहारा असेल तर कमीत कमी १५ अक्षरं. ते म्हणाले मॅडम हे अमेरिकेचं, माझा ऑडिटर इथला. त्यांच्या जागी ते चूक नाहीत, सही त्यांची असते.

शेवटी ठरलं ते असं: लांबी १५, यादी तपासणी कडीची, पेस्ट करायला परवानगी, ओटीपी चालू. चिन्हाची अट राहिली, त्यासाठी सुचवणीतल्या शब्दांमध्ये आम्ही आडवी रेघ घालून देतो म्हणजे वेगळं लक्षात ठेवायला नको. ९० दिवसांनी बदलायचंही राहिलं. हे मला लागलं. बदलायला लावलं की लोक शेपटीतला आकडा एकनं वाढवतात, बाकी तेच. मार्चमध्ये परत भेटायचं ठरलंय, तेव्हा हाच एक मुद्दा घेऊन जाणार.

१२ डिसेंबर, शुक्रवार

स्थिती. शब्दयादी, शेपट्या, ठिकाणं झाली. मंत्र-आरत्यांची आईची तिसरी वही चालू. फाशांच्या यादीत ६४१ शब्द, अजून ६५५ हवेत, आणि चांगले एकाच स्पेलिंगचे शब्द आता अवघड होऊन राहिलेत. गोंदियाकडच्या एका ओळखीच्या सरांनी झाडीबोलीतले साठ पाठवलेत, पार्टनर ते एकेक करून चार जणांकडून टाइप करून घेतोय, चौघांचं स्पेलिंग सारखं आलं तरच आत.

काकूंचा नवीन पासवर्ड फाशांनी निघाला, मला माहीत नाही कोणता, त्यांनी सांगितलाही नाही. डायरीतलं जुनं पान फाडलं, नवा वेगळ्या कागदावर लिहून कपाटात साड्यांखाली. चालेल, घरात येणारा चोर मेल उघडायला येत नाही.

उद्या: "द" पासूनचे शब्द, आणि ळ च्या चाचणीला अजून दोन घरं.